आश्रमशाळेचे एक वर्ष : जिवतीच्या डोंगरातून एव्हरेस्टपर्यंत

(मार्कंडा येथे आश्रमशाळांतील शिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दक्षिणेकडे वाहत जाणारी वैनगंगा मार्कंड्याला येऊन उत्तरेकडे वळते. नदी उत्तरवाहिनी होते ते स्थान आपल्याकडे पवित्र मानले जाते. म्हणूनच या तीर्थाला विदर्भाची काशी म्हणतात आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून माणसे येथे लोटतात. येथील मंदिरसमूहाचे शिल्पवैभव पाहून पुरातत्त्ववेत्ते अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात त्याची सविस्तर नोंद केली. वीज पडून भग्न झालेल्या मुख्य मंदिराची डागडुजी गोंड राजांच्या काळात झाली, असे परंपरा सांगते. अरण्यातील या प्रदेशाला इतिहास नव्हता, विद्या नव्हती, कला नव्हती, असे समजणाऱ्यांना या भिंतींवरची एकेक मूर्ती उत्तर देते.

या स्थानाला ज्याचे नाव लाभले त्या मार्कंडेयाची कथा आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. मृकंडू ऋषींना भगवान शंकराने विचारले, मंदबुद्धीचा दीर्घायुषी पुत्र हवा, की गुणवान पण सोळाच वर्षे जगणारा? ऋषींनी गुणवान पुत्र मागितला. सोळावे वर्ष भरले, यम दारात आला, आणि मुलाने शिवलिंगाला घट्ट मिठी मारली. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. या कथेतील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मुलगा अल्पायुषी आहे हे ठाऊक असूनही आईवडिलांनी त्याच्या शिक्षणात काही उणे ठेवले नाही. ‘हा सोळा वर्षांचाच सोबती, याला वेद कशाला शिकवायचे’ असा हिशेब त्यांनी केला नाही. त्यांनी पूर्ण शिकवले, म्हणूनच संकटाच्या क्षणी कशाला मिठी मारायची हे त्या मुलाला कळले.

आजचा विषय सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचाच आहे. ऋषींच्या आश्रमातील नव्हेत, शासनाच्या आश्रमशाळांतील.

एका वर्षाची गोष्ट

शहरातील नामांकित शाळांचे वार्षिक अहवाल आपण पाहतो. अलीकडे तर परदेशी नावाच्या, देशोदेशी शाखा असलेल्या शाळांचे गुळगुळीत कागदावरचे रंगीत अहवाल मध्यमवर्गीय घरांतून येतात. अमुक विद्यार्थी ऑलिंपियाडमध्ये चमकला, तमुक विद्यार्थिनीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला, इतक्या जणांना नव्वद टक्क्यांच्या वर गुण. त्यात गैर काही नाही. मुलांनी यश मिळवावे आणि शाळेने ते अभिमानाने सांगावे, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्याच पद्धतीने एखाद्या आश्रमशाळेचा वार्षिक अहवाल लिहायचा झाला तर त्यात काय लिहिता येईल? हा प्रश्न विचारला की पुष्कळांच्या ओठांवर एक कीव करणारे हसू उमटते.

२०१७-१८ या वर्षाने त्या हसण्याला उत्तर दिले.

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, राजुऱ्याच्या पलीकडे माणिकगडचा डोंगराळ प्रदेश लागतो. एकेकाळी हा भाग निजामाच्या राज्यात होता. डोंगराच्या पायथ्याशी गडचांदूरच्या आसपास सिमेंटचे कारखाने उभे आहेत. येथल्या चुनखडीवर शहरांतील इमले चढले, पण डोंगरावरच्या गोंडांच्या गुड्यांना आणि कोलामांच्या पोडांना पिण्याचे पाणी आणि पक्का रस्ता यांसाठी फार काळ वाट पाहावी लागली. जिवती, देवाडा, बोर्डा येथील शासकीय आश्रमशाळांत या घरांतील मुले शिकतात.

राज्याचा आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूरचे जिल्हा प्रशासन यांनी या शाळांतील मुलांना एव्हरेस्टवर पाठवण्याचा संकल्प केला. आशुतोष सलिल हे तेव्हा चंद्रपूरचे जिल्हाधिकारी होते. मोहिमेला नाव दिले ‘मिशन शौर्य’. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रशिक्षणास प्रारंभ झाला. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि शेवटी लेह-लडाख अशा टप्प्यांतून मुलांची परीक्षा होत गेली. प्रत्येक टप्प्यावर काही गळाले, काही उरले. अखेर दहा जणांचे पथक हिमालयात गेले.

१६ मे २०१८ ही या मोहिमेच्या यशाची तारीख. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम या पाच विद्यार्थ्यांच्या नावावर जगातील सर्वोच्च शिखर लागले. पाच जणांत मनीषा ही एकटी मुलगी. २७ मे २०१८ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या पाचही मुलांची नावे घेऊन त्यांचा गौरव केला. ज्या शाळांची नावे राज्याच्या राजधानीतही कुणी ऐकली नव्हती, त्या शाळांचे विद्यार्थी सबंध देशाने ओळखले.

शेजारच्या राज्यातील पूर्वपीठिका

हा संकल्प आकाशातून पडलेला नव्हता. जिवतीच्या डोंगराची दुसरी उतरण तेलंगणात जाते. त्या राज्यातील निजामाबाद जिल्ह्यात पाकाला नावाचे खेडे आहे. तेथील मालावत पूर्णा ही जनजातीय कुटुंबातील मुलगी समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती. २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली तेव्हा तिचे वय होते तेरा वर्षे अकरा महिने. इतक्या लहान वयात तोवर कोणतीही मुलगी तेथे पोहोचली नव्हती. तिच्यासोबत खम्मम जिल्ह्यातील दलित कुटुंबातील आनंदकुमार हा नववीचा विद्यार्थीही होता. या निवासी शाळांचे तेव्हाचे सचिव आर. एस. प्रवीणकुमार हे पोलीस सेवेतील अधिकारी होते. सरकारी वसतिगृहातील मुलांनी जगाच्या माथ्यावर जाण्याचे स्वप्न का पाहू नये, हा त्यांचा साधा प्रश्न होता. पूर्णाच्या यशानंतर आठच दिवसांनी, २ जून २०१४ रोजी, तेलंगण राज्य अस्तित्वात आले.

चांगले उदाहरण शेजारी घडले की ते सीमा ओलांडते. तेलंगणातील निवासी शाळेला जे जमले ते आपल्या आश्रमशाळेला का जमू नये, हा विचार चंद्रपुरात रुजला आणि फळला. २०१९ मध्ये राज्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांची पुढची मोहीमही निघाली आणि तिनेही शिखर गाठले. एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल, पुन्हा घडले की त्यामागचे कारण शोधावे लागते.

‘काटक’ म्हणण्यातील अन्याय

या मुलांचे कौतुक करताना अनेक जण एक वाक्य हमखास बोलतात : ‘जंगलातील मुले ती, मूळचीच काटक असतात.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण या एका वाक्याने दहा महिन्यांच्या परिश्रमाचे श्रेय त्या मुलांकडून काढून घेतले जाते. जणू एव्हरेस्ट चढणे हा त्यांच्या रक्ताचा गुण होता, त्यात शिकण्यासारखे काही नव्हते.

वस्तुस्थिती काय आहे? चंद्रपूर जिल्हा देशातील अतिउष्ण प्रदेशांपैकी एक. मे महिन्यात येथे पारा ४७ अंशांच्याही वर जातो. एव्हरेस्टच्या माथ्याजवळ तोच पारा शून्याखाली वीस-तीस अंश असतो. ८,८४८ मीटर उंचीवरील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश भरतो. म्हणजे एका श्वासात जेवढा प्राणवायू येथे मिळतो, तेवढ्यासाठी तेथे तीन श्वास घ्यावे लागतील. ८,००० मीटरच्या वरच्या पट्ट्याला गिर्यारोहक मृत्यूचा पट्टा म्हणतात, कारण तेथे शरीर सावरत नाही, क्षणाक्षणाला खंगतच जाते. या परिस्थितीत जंगलातील काटकपणा किती पुरणार?

तेथे कामास येते ती शिकलेली विद्या. बुटाला काट्यांची पट्टी कशी बांधायची, दोराला स्वतःला कसे अडकवायचे आणि एक कडी सोडण्याआधी दुसरी कशी लावायची, हे हजार वेळा करून हाताला वळण पडावे लागते. हातमोजा निसटला तर बोटे गमवावी लागतात. दिवसा उंच चढायचे आणि झोपायला खाली उतरायचे, असे आठवडेच्या आठवडे केल्यावर रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि विरळ हवेची सवय होते. भूक मरते, तरी घड्याळ पाहून खावे लागते. तहान लागत नाही, तरी बर्फ वितळवून पाणी प्यावे लागते. तेनझिंग आणि हिलरी यांनी २९ मे १९५३ रोजी शिखर गाठले, त्यानंतर पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन पर्वतारोहण संस्था स्थापन झाली. बचेंद्री पाल यांनी २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पहिले भारतीय महिलेचे पाऊल ठेवले. अशा दीर्घ परंपरेतून हे शास्त्र घडले आहे. आश्रमशाळेतील मुलांनी ते शास्त्र दहा महिन्यांत आत्मसात केले, हे त्यांचे खरे कर्तृत्व.

म्हणून, बंधूंनो, या मुलांना काटक म्हणून थांबू नका. त्यांना बुद्धिमान म्हणा, शिस्तबद्ध म्हणा, उत्तम विद्यार्थी म्हणा. ज्या मुलाला हिमशिखराचे शास्त्र शिकवता येते, त्याला त्रिकोणमिती शिकवता येत नाही असे कसे होईल?

परत फिरलेले पाच जण

दहा जणांचे पथक गेले आणि पाच जण शिखरावर पोहोचले. उरलेल्या पाच जणांचे काय? त्यांच्या गळ्यात तेवढे हार पडले नाहीत, आणि वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत त्यांचे चेहरे शोधावे लागतात. ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. जो पोहोचला त्याची मिरवणूक, आणि जो चार पावले अलीकडून वळला तो विस्मरणात.

गिर्यारोहणाचे शास्त्र मात्र वेगळे सांगते. शिखराच्या चढाईत परतीची वेळ आधीच ठरवलेली असते. त्या वेळेपर्यंत माथा आला नाही, तर तो समोर दिसत असला तरी वळायचे. शरीराने धोक्याची खूण दिली तरी वळायचे. १० आणि ११ मे १९९६ या दोन दिवसांत एव्हरेस्टवर वादळात आठ गिर्यारोहकांचे प्राण गेले. परतीची वेळ टळून गेली तरी काही जण वर चढत राहिले, हे त्या अनर्थाचे एक कारण मानले जाते. त्यांत अत्यंत अनुभवी वाटाडेही होते. अनुभवी माणसांनाही जे जमले नाही, ते वेळेवर परत फिरणे या वयातील मुलांना जमले. हाताशी आलेले यश सोडून सुखरूप उतरून येणे हेही शिक्षण आहे. चंद्रपूरच्या त्या दहाही विद्यार्थ्यांचे नाव एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिले गेले पाहिजे.

हा मुद्दा डोंगरापुरता नाही. आपल्या आश्रमशाळांतून दरवर्षी किती मुले वाटेतून परत फिरतात! ती धोका ओळखून फिरत नाहीत. आपणच त्यांना दोर देत नाही, म्हणून फिरतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायचे दिवस येतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. घराला हातांची गरज असते, आणि परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येते. दिवाळीच्या सुट्टीवर गेलेली मुले परत येत नाहीत आणि शिक्षकांना गावोगाव फिरून त्यांना आणावे लागते. येथे बसलेल्या शिक्षकांना हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. जे शिक्षक असे फिरतात त्यांच्या पायपिटीची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

जे दहांना दिले ते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१७-१८ या वर्षाने नेमके काय सिद्ध केले? मुलांत क्षमता आहे हे सिद्ध केले, असे सगळेच म्हणतील. परंतु क्षमता तर आधीही होती. ज्या मातीत बाबुराव शेडमाके यांच्यासारखा तरुण जन्मला, इंग्रजी सत्तेला आव्हान देऊन २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला वयाच्या पंचविसाव्या वर्षी फासावर चढला, त्या मातीतील मुलांच्या धैर्याची परीक्षा घेण्याचे कारण नव्हते. त्या वर्षाने परीक्षा घेतली ती व्यवस्थेची. व्यवस्थेने ठरवले तर काय होऊ शकते, हे तिने स्वतःच दाखवून दिले.

त्या दहा मुलांना काय मिळाले याची यादी करून पाहा. पुरेसे आणि पौष्टिक अन्न. नियमित वैद्यकीय तपासणी. आपला विषय जाणणारे आणि मुलांबरोबर राहणारे प्रशिक्षक. एक स्पष्ट ध्येय आणि त्याकडे जाणाऱ्या पायऱ्या. चूक झाली तर हिणवण्याऐवजी पुन्हा करून दाखवणारा माणूस. आणि ‘तुला हे जमेल’ असा विश्वास. या सहा गोष्टींपैकी एकही गोष्ट अशी आहे का, की जी बर्फाच्या डोंगरावरच लागते आणि वर्गात लागत नाही?

महाराष्ट्रात सुमारे ५०० शासकीय आणि सुमारे ५५० अनुदानित आश्रमशाळा आहेत. दुर्गम भागातील मुलांसाठी निवास, भोजन आणि शिक्षण एकाच ठिकाणी, अशी ही योजना. हेतू उदात्त आहे. परंतु या शाळांत विद्यार्थ्यांचे मृत्यू होत असल्याची बाब इतकी गंभीर झाली, की डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि २०१६ मध्ये तिचा अहवाल आला. म्हणजे त्या अहवालानंतर दोनच वर्षांत याच व्यवस्थेतील मुले एव्हरेस्टवर होती. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवली पाहिजेत. पहिल्याने दुसरे झाकले जाऊ नये. जी व्यवस्था आपल्या मुलांना ८,८४८ मीटरवरून सुखरूप खाली आणू शकते, तिने तापाने फणफणलेल्या मुलाला वेळेवर दवाखान्यात नेता आले नाही असे सांगू नये. ती सबब २०१८ नंतर चालणार नाही.

आरोग्याचेच उदाहरण घ्या. गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. मलेरियाचा प्रादुर्भाव आहेच. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलांना सर्पदंशाचे भय असते. गिर्यारोहणाला मुले निवडताना रक्त तपासावेच लागते, कारण विरळ हवेत सिकलसेल जिवावर बेतू शकतो. पण शाळेत राहणाऱ्या मुलाला या आजाराचे दुखणे उठते तेव्हा तेही कमी भयंकर नसते. प्रत्येक मुलाच्या रक्ताची तपासणी, त्याची नोंद असलेले कार्ड, झोपायला पलंग आणि मच्छरदाणी, रात्री-अपरात्री हाक मारता येईल अशी अधीक्षिका, आणि दवाखान्यापर्यंत जाणारे वाहन : एवढे झाले तरी पुष्कळ झाले. या कामाला शेर्पा लागत नाहीत.

भाषेचा पहिला चढ

आणखी एक चढ आहे, तो सहा वर्षांच्या मुलाला चढावा लागतो आणि त्याची कुणी वार्ता करीत नाही. भामरागडचे मूल घरी माडिया बोलते. धानोऱ्याचे गोंडी बोलते. जिवतीच्या पोडावरील कोलाम मूल कोलामी बोलते. पहिल्या वर्गात ते येते तेव्हा शिक्षक मराठी बोलतात, पुस्तक मराठी असते. मूल गप्प बसते. त्या गप्प बसण्यालाच ‘मंद’ असे नाव दिले जाते. आपल्यापैकी कुणाचे नातवंड उद्या जपानी शाळेत बसवले, तर तेही असेच गप्प बसेल. त्याला कुणी मंद म्हणेल का?

प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेच्या ३५० (क) या अनुच्छेदात १९५६ पासून लिहिलेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. मराठी ही ज्ञानाची भाषा म्हणून या मुलांना उत्तम आलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु मराठीच्या गडावर जायची वाट माडियाच्या आणि गोंडीच्या पायऱ्यांवरूनच जाते. ज्या शिक्षकाने मुलांकडून त्यांच्या भाषेतील दोनशे शब्द शिकून घेतले, त्याचा वर्ग बोलू लागतो. हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी लोकबिरादरीची आश्रमशाळा १९७६ मध्ये सुरू केली, तेव्हा शाळा म्हणजे काय हेही तेथील पालकांना सांगावे लागत होते. आधी त्यांनी माडिया शिकून घेतली, आजार बरे केले, विश्वास कमावला, आणि मग मुले आली. त्याच शाळेतून पुढे डॉक्टर, शिक्षक, वनरक्षक, पोलीस घडले. तो क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

अहवालात काय लिहावे

तेव्हा आश्रमशाळेचा वार्षिक अहवाल जरूर लिहावा. शिखरावर गेलेल्यांची नावे त्यात पहिल्या पानावर असावीत. परंतु पुढची पाने कोरी सोडू नयेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर किती मुले परत आली? मोहफुलांच्या दिवसांत किती मुले परीक्षेला बसली? तिसरीच्या वर्गातील किती मुलांना धडा वाचून त्याचा अर्थ सांगता येतो? दहावी झालेल्या किती मुली अकरावीला गेल्या आणि किती मुलींचे लग्न झाले? वर्षभरात किती मुले आजारी पडली आणि त्यांतील किती जणांवर वेळेत उपचार झाले? गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांची पदे किती दिवस रिक्त राहिली? ही पाने लिहायला धैर्य लागते. पण ती लिहिली गेली आणि गावच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली, तर पुढच्या वर्षी त्यांतील आकडे बदलू लागतील. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला समाजजीवनातील संस्थांवर लक्ष ठेवण्याचा अधिकार दिलेलाच आहे. आपल्या मुलांच्या शाळेपेक्षा महत्त्वाची दुसरी संस्था कोणती?

शासनाकडून प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१८ च्याच केंद्रीय अर्थसंकल्पात, जनजातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक आणि किमान वीस हजार आहे अशा प्रत्येक तालुक्यात एकलव्य निवासी शाळा उभारण्याची घोषणा झाली. इमारती उभ्या राहतील. परंतु गडचिरोलीची बदली ही शिक्षा समजून येणारा शिक्षक त्या इमारतीत काय पेरणार? आणि स्वेच्छेने या भागात येऊन पंधरा-वीस वर्षे राहिलेल्या शिक्षकाचा सन्मान आपण कितीदा करतो? एव्हरेस्टवीरांच्या मिरवणुकीत त्यांना अ-आ-इ शिकवणारा शिक्षक कुठल्या गाडीत बसला होता, हे कुणाला सांगता येईल?

शहरातील कुटुंबांनाही येथे काही करता येण्यासारखे आहे, आणि ते खर्चाचे नाही. जुने कपडे आणि उरलेली पुस्तके पाठवून कर्तव्य संपत नाही. ज्यांना गणित, इंग्रजी, विज्ञान उत्तम येते त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतील पंधरा दिवस एखाद्या आश्रमशाळेच्या दहावीच्या मुलांना द्यावेत. जे वैद्यकीय व्यवसायात आहेत त्यांनी वर्षातून दोनदा एकाच शाळेत यावे, दरवर्षी त्याच शाळेत, म्हणजे मुलांची ओळख राहील. आणि नागपूर-पुण्याला शिकायला आलेल्या जनजातीय विद्यार्थ्यासाठी आपल्या घराचे दार उघडे ठेवावे. सणाला त्याला जेवायला बोलवावे, त्याच्या भाषेतील चार शब्द आपल्या मुलांनी शिकावेत. एकात्मतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. ती पानावर वाढली जाते तेव्हा खरी होते.

पालकांनाही एक विनंती आहे. माणिकगडच्या डोंगरातील ज्या आईवडिलांनी आपली मुले दहा महिने दूर पाठवली आणि नंतर हिमालयात पाठवली, त्यांच्या धैर्याला तोड नाही. तुमच्या मुलीला कुणी एव्हरेस्टवर बोलावणार नाही कदाचित. पण तिला अकरावीला जायचे असेल, परिचारिकेचा अभ्यास करायचा असेल, वनरक्षकाच्या परीक्षेला बसायचे असेल, तर तेवढेच धैर्य दाखवा. मोहफुलांच्या दिवसांत घरातील दोन हात कमी पडतील, ते सोसा. मृकंडू ऋषींनी वर्षे मोजून मुलाला शिकवले नाही.

शिक्षकांनो, जूनमध्ये शाळा पुन्हा भरतील. पहिल्या दिवशी हजेरीपट उघडाल तेव्हा गेल्या वर्षी वर्ग सोडून गेलेल्या मुलांची नावे आधी वाचा. त्यांतील किमान पाच जणांच्या घरी त्याच आठवड्यात जा. पाच जण शिखरावर गेले याचा आनंद सगळ्या देशाने केला. घरी गेलेले पाच जण वर्गात परत आले, तर त्याची बातमी होणार नाही. परंतु त्या वर्षीच्या अहवालात लिहिण्यासारखे तुमच्याजवळ पुष्कळ असेल.